ठेंगण्या गाडीची कथा



माल वाहावयाची गाडी जमिनीपासून चांगली उंच असावी, हें आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. ओढ्यांतले गोटे, चाकोरींतला चिखल आणि बांधावरचे खुंट चुकवून जावयाचें, तर बैलगाडीचें चाक छातीइतकें उंच असावयासच हवें, हें त्याला अनुभवानेंच कळलेलें असतें. असें असतां अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतांत गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत असे हजारों लोक होऊन गेले, कीं ज्यांनीं पदरचा पैसा खर्चून आपली धडधाकट गाडी जमिनीपासून चार बोटें उरेपर्यंत खालीं उतरविली. आधीं ही हौस साध्या मोटारींची होती. पुढें ती मालाच्या छोट्या ट्रकापर्यंत, म्हणजे ज्याला 'पिक-अप' म्हणतात त्याच्यापर्यंत, पोंचली. ओझें वाहण्यासाठीं जन्माला आलेलें वाहन ओझें वाहावयास निकामी करून घ्यावें, हा प्रथमदर्शनीं शुद्ध वेडेपणा वाटतो. आज ह्या वेडेपणाचाच इतिहास आपणांस सांगावयाचा आहे. त्यांत लोखंडाची विद्या आहे, रबराची विद्या आहे, आणि एका समाजाच्या मानापमानाची हकीकतहि आहे.

प्रथम उंचीचा विचार करूं. वाहन जमिनीजवळ आणण्याची खटपट मोटारीच्या आधींची आहे. अठराव्या शतकांतल्या युरोपीय घोडागाडीच्या पोटाखालून एक जाड लांकडी तुळई पुढच्या कण्यापासून मागच्या कण्यापर्यंत जात असे, आणि बसावयाची पेटी त्या तुळईच्या वर टांगलेली असे. साहजिकच गाडींत चढावयास शिडीवजा पायऱ्या लागत. १८०४ सालीं ओबाडाया एलियट नांवाच्या इंग्रज कारागिराने पोलादी पट्ट्यांची लंबवर्तुळाकार कमान तयार केली. अशा कमानी थेट कण्यावर बसवून त्यांवरच पेटी ठेवतां येऊं लागली; मधली अवजड तुळई अनावश्यक ठरली, आणि गाडी हलकी, मऊ व बुटकी झाली. खालीं बसणें आणि सुखानें बसणें ह्या दोन गोष्टींची सोयरीक जमली ती अशी.

मोटारीच्या युगांत ह्या सोयरिकेंत तिसरा नातलग आला, तो म्हणजे तोल. डोक्यावर घागर घेऊन वळणारी बाई आणि कमरेवर घागर घेऊन वळणारी बाई यांच्या चालींतला फरक आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. वजन जितकें खालीं, तितकें वळण निर्धास्त. इंडियानापोलिस शहरांतल्या 'अमेरिकन' मोटार कंपनीनें १९०७ च्या सुमारास हें तत्त्व टोकास नेलें. इतर मोटारींत सांगाडा, म्हणजे कारागीर ज्याला चासी म्हणतात ती, कण्यांच्या वर असे; ह्या कंपनीनें ती कण्यांच्या खालीं टांगली. जमिनीपासूनचें अंतर राखण्यासाठीं मग चाकें मात्र फार मोठीं घ्यावीं लागलीं. दिसावयास ती गाडी रुबाबदार होती, पण १९१४ च्या सुमारास कंपनीच बुडाली. कण्याची आणि चासीची ही उलटापालट लक्षांत ठेवावी, कारण पुढें आपल्या कथेंत ती पुन्हां भेटणार आहे.

आतां पिक-अपकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतले शेतकरी फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीचा मागचा भाग काढून तेथें घरीं केलेली लांकडी पेटी बसवीत आणि तींतून धान्य, दूध, कोंबड्या बाजाराला नेत. लोक आपली गाडी कापून जें करतात, तें आपणच करून विकावें, असें कारखान्याच्या लक्षांत यावयास कांहीं वर्षें गेलीं. १९२५ सालीं फोर्ड कंपनीनें पाठीमागें पोलादी पेटी बसविलेली गाडी २८१ डॉलरांस बाजारांत आणली. कारखान्यांतून तयार होऊन आलेली पहिली पिक-अप हीच, असें समजण्यांत येतें.

ह्या वाहनाच्या स्वभावांतच एक विसंगती आहे. त्याच्या मागच्या कमानी भरल्या ओझ्याच्या हिशेबानें केलेल्या असतात. ओझें नसलें कीं त्या ताठ राहतात, शेपटीकडची बाजू वर उचललेली दिसते, आणि खड्ड्यांत गाडी उड्या मारते. रिकामी पिक-अप ही जणूं हमालाप्रमाणें सदैव ओझ्याची वाट पाहत उभी असते. जोंवर ती शेतावर होती, तोंवर कोणास ह्याचें कांहीं वाटलें नाहीं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर ती शहरांत आली, आठवड्यांतून सहा दिवस रिकामी हिंडूं लागली, आणि रविवारीं कुटुंबासह फिरावयास निघाली. तेव्हां तिचें हें उंटासारखें चालणें मालकाच्या डोळ्यांवर येऊं लागलें.

तथापि गाडी उतरविण्याची कला पिक-अपवर प्रथम साधली गेली नाहीं. ती साधली पूर्व लॉस एंजेलिसच्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियांतल्या इतर मेक्सिकन वस्त्यांतल्या जुन्या शेव्हरोले मोटारींवर. ह्या वस्त्यांतल्या तरुणांचा त्या काळचा अनुभव कडू होता. १९४३ च्या जूनमध्यें लॉस एंजेलिसच्या रस्त्यांत नौसैनिकांच्या टोळ्यांनीं ढगळ विजारी आणि लांब कोट घालणाऱ्या मेक्सिकन तरुणांना गांठून मारहाण केली आणि त्यांचे कपडे फाडले. इतिहासांत ह्या दंग्याला त्या 'झूट सूट' पोशाखाचेंच नांव मिळालें. पोशाख हा ज्यांच्या अंगावर गुन्हा ठरला, त्यांची पुढची पिढी युद्धानंतर हातीं आलेल्या चार पैशांतून जुनी मोटार घेऊं लागली. त्याच सुमारास गोऱ्या तरुणांना वेगाचें वेड लागलें होतें. मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर ते आपल्या सोललेल्या फोर्ड गाड्या पळवीत, आणि वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून पुढचा कणा भट्टींत तापवून वांकवीत. मेक्सिकन वस्तींतल्या तरुणांनीं नेमकी उलट वाट धरली. गाडी ठेंगणी करावी आणि शक्य तितकी सावकाश चालवावी, म्हणजे वाटेवरच्या प्रत्येकाला ती पुरती पाहतां येईल, हें त्यांचें ब्रीद झालें. 'लो-रायडर' हा शब्द पुढें त्यांतूनच रूढ झाला.

आरंभींचे उपाय अगदीं गरिबीचे होते. मागच्या सामानाच्या कप्प्यांत वाळूचीं किंवा सिमेंटचीं पोतीं टाकावयाचीं, कीं गाडी आपोआप बसे. पोतीं वाहण्याचा कंटाळा आला, कीं वेटोळ्याच्या स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकावयाचा, किंवा तिला गॅसच्या ज्योतीनें तापवून बसवावयाचें. हे दोन्ही उपाय शास्त्राच्या दृष्टीनें सदोष होत. स्प्रिंगचे वेढे जितके कमी, तितकी ती ताठ. म्हणजे गाडी खालीं येते खरी, पण धक्के अधिक बसतात. आणि ज्योतीनें तापविलेल्या पोलादाचें पाणी उतरतें. मग ती स्प्रिंग कोणत्या दिवशीं दगा देईल याचा नेम राहत नाहीं. स्वस्ताईची ही किंमत पुष्कळांनीं मोजली.

गाड्यांची संख्या वाढली, तशी सरकारची नजर त्यांकडे गेली. १९५८ सालीं कॅलिफोर्नियानें एक नियम केला. वाहन-कायद्याचें तें कलम पुढें २४००८ ह्या क्रमांकानें प्रसिद्ध झालें. त्याचा आशय असा, कीं प्रवासी मोटार किंवा ६,००० पौंडांहून हलकें माल-वाहन मूळच्या घडणींत बदल करून इतकें उतरवूं नये, कीं चाकाखेरीज त्याचा कोणताहि भाग चाकाच्या लोखंडी कडीच्या खालच्या टोंकापेक्षां जमिनीच्या जवळ येईल. हलक्या पिक-अपहि ह्या शब्दांच्या कक्षेंत येत होत्या.

ह्या नियमाकडे दोन बाजूंनीं पाहिलें पाहिजे. एक बाजू यंत्रशास्त्राची आहे, आणि ती निर्विवाद शहाणपणाची आहे. धांवतां धांवतां टायर फुटलें, तर गाडी कडीवर येते. त्या वेळीं चासी अथवा सुकाणूचा एखादा दांडा कडीपेक्षां खालीं असेल, तर तोच रस्त्याला घासेल आणि गाडी हातची जाईल. म्हणून कडीची रेषा ही खरोखरच लक्ष्मणरेषा होय, आणि उत्तम कारागीर आजहि ती ओलांडीत नाहींत. दुसरी बाजू मात्र अंमलबजावणीची आहे. ज्यांच्या गाड्या अडविल्या जात, त्यांचें म्हणणें असें, कीं शिपाई मोजपट्टी घेऊन येई तो कडी मोजावयास नव्हे, तर मालकाचा चेहरा मोजावयास. तो चेहरा त्याच्या मनास येणारा नसला, कीं दंडाची चिठ्ठी ठरलेली. एखादा कायदा शब्दांनीं न्यायाचा आणि वापरानें अन्यायाचा कसा होऊं शकतो, याचें हें छोटेंसें पण बोलकें उदाहरण आहे.

ह्या पेंचांतून सुटका केली ती एका युक्तीनें. सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अग्वीरे ह्या तरुणाची १९५७ सालच्या बनावटीची शेव्हरोले कॉर्व्हेट अतिशय बुटकी होती, आणि तो दंड भरून बेजार झाला होता. १९५९ च्या सुमारास त्यानें युद्धकाळांतल्या विमानांचे भंगारांत निघालेले तेलाच्या दाबावर चालणारे पंप मिळविले, आणि ते आपल्या गाडीच्या कमानींशीं जोडले. खटका दाबला कीं गाडी उठे. दुसरा दाबला कीं बसे. वाटेंत शिपाई दिसला, तर गाडी कायद्याच्या उंचीवर. तो गेला, कीं पुन्हां मनाच्या उंचीवर. पुढें ह्या पंपांनीं गाड्यांना नाचविलें, उड्या मारावयास लावलें, आणि त्याचे सामने भरूं लागले. १९५८ ते १९६४ ह्या सालांतली शेव्हरोले इंपाला ह्या मंडळींस विशेष प्रिय झाली. कारण तिची चासी इंग्रजी 'एक्स' अक्षरासारखी मधोमध आंवळलेली असून, तिच्या दोन्ही बाजूंच्या उंबऱ्याखालीं रस्त्याला घासणारे दांडे नव्हते.

पिक-अपची वेळ आली ती १९६० नंतर. त्या वर्षीं शेव्हरोलेनें आपल्या 'सी-१०' ट्रकाला पुढें स्वतंत्रपणें हलणारीं चाकें दिलीं आणि मागें पट्ट्यांच्या कमानींऐवजीं वेटोळ्याच्या स्प्रिंगा दिल्या. म्हणजे हमालाच्या देहांत कारखान्यानेंच मोटारीचे सांधे बसविले. १९६५ सालीं फोर्डनें पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र पोलादी तुळई दिली. ही रचना मजबूत खरी. पण तिला आंखूड स्प्रिंग लावून उतरविली, कीं चाकें वरच्या बाजूनें आंत कलतात आणि टायरची आंतली कड झिजून जाते. म्हणून फोर्डच्या गाडीसाठीं निराळ्या वांकाच्या तुळया घडवाव्या लागल्या.

छोट्या ट्रकांचें वेड पसरण्यास मात्र कारण झाल्या त्या कोंबड्या! हें ऐकून कोणास विनोद वाटेल, पण गोष्ट खरी आहे. फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनीं अमेरिकन कोंबड्यांच्या आयातीवर भारी जकात बसविली. तिला प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेनें १९६४ सालापासून इतर कांहीं मालाबरोबरच परदेशी हलक्या ट्रकांवर शेंकडा २५ जकात लावली. जर्मन गाड्यांवर रोखलेला हा बाण जपानी व्यापाऱ्यांनीं मोठ्या खुबीनें चुकविला. मागची पेटी न बसवितां नुसती पुढची खोली आणि चासी आणली, तर जकात अवघी शेंकडा ४ पडे. पेटी अमेरिकेंत उतरल्यावर बसविली जाई. इसुझूनें केलेली शेव्हरोले 'लव्ह' आणि माझदानें केलेली फोर्ड 'कूरियर' ह्या गाड्या १९७२ सालीं बाजारांत आल्या, त्या ह्याच वाटेनें. ही पळवाट १९८० सालीं बंद झाली. पण तोंवर हलक्या, स्वस्त आणि लहानशा ट्रकांनीं कॅलिफोर्निया भरून गेला होता. शाळा सोडून नुकताच कमावूं लागलेला मुलगा त्यांतला एखादा विकत घेई, आणि त्याचें पहिलें काम म्हणजे तो खालीं उतरविणें.

तें काम शास्त्रशुद्ध रीतीनें कसें करतात, हें थोडक्यांत सांगतों. बहुतेक पिक-अपमध्यें मागचा कणा पट्ट्यांच्या कमानीच्या खालीं बांधलेला असतो. तो सोडवून कमानीच्या वर बांधला, कीं गाडी एकदम पांच-सहा इंच खालीं येते. १९०७ सालच्या त्या इंडियानापोलिसच्या कारागिरांची आठवण येथें व्हावी. पण कणा वर आला, म्हणजे खड्ड्यांत तो चासीला खालून ठोकरतो. यासाठीं चासीच्या दांड्यांत अर्धचंद्राकार खांच घेतात, आणि खांचेनें आलेला कमकुवतपणा भरून काढण्यासाठीं तेथें जाड पोलादी पट्टी जोडतात. जो खांच घेतो पण पट्टी जोडीत नाहीं, त्याची गाडी एखाद्या दिवशीं कमरेंत मोडते.

पुढच्या बाजूस दोन मार्ग आहेत. आंखूड स्प्रिंग हा सोपा मार्ग. पण तिनें चाकाला वर-खालीं हलावयास मिळणारी जागा कमी होते. दुसरा मार्ग अधिक खर्चाचा आणि अधिक चांगला. ज्या खुंट्यावर चाक फिरतें, तो खुंटा त्याच्या धारकावर दोन-तीन इंच वर सरकवून घडविलेला मिळतो. त्यायोगें चाक आपल्या जागीं राहतें, गाडी मात्र खालीं येते, आणि मूळची स्प्रिंग, मूळचा मऊपणा व मूळची हालचाल कायम राहते. कोणताहि मार्ग घेतला, तरी नंतर चाकांचा कल आणि रोख पुन्हां मोजून घ्यावाच लागतो, आणि धक्के शोषणाऱ्या नळ्या नव्या उंचीला साजेशा बसवाव्या लागतात.

आतां चाकें आणि टायर. हवेनें भरलेल्या धावेचा पहिला हक्क घेतला तो रॉबर्ट विल्यम टॉमसन ह्या स्कॉटिश माणसानें, १८४५ सालीं. पण ती कल्पना विसरली गेली. १८८८ च्या सुमारास बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप ह्या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं ती पुन्हां शोधली, आणि ह्या वेळीं ती जगभर झाली. पुढें फ्रान्समधल्या मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं 'रेडियल' टायराचा हक्क घेतला. त्यांतले धागे तिरपे न जातां एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत सरळ आडवे जातात, आणि माथ्याभोंवतीं निराळा पट्टा असतो. त्यामुळें बाजूची भिंत मऊ आणि रस्त्याला टेकणारा माथा ताठ राहतो. ही सोय झाली नसती, तर आजचीं रुंद आणि आंखूड भिंतीचीं टायरें शक्यच झालीं नसतीं.

टायरावरचे आकडे वाचतां येणें ही अर्धी परीक्षा होय. समजा, २३५/७५ आर १५ असें लिहिलें आहे. रुंदी २३५ मिलिमीटर. भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ७५, म्हणजे १७६ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल. आणि कडीचा व्यास १५ इंच. एकूण व्यास सुमारें ७३४ मिलिमीटर होतो. त्याऐवजीं २५५/४५ आर २० घेतलें, तर भिंत ११५ मिलिमीटर आणि एकूण व्यास सुमारें ७३८. म्हणजे चाकाचा बाहेरचा घेर जवळजवळ तोच राहिला, वेगाचा कांटा खोटें बोलणार नाहीं. पण कडी आणि रस्ता यांमधली रबराची उशी सहा सेंटिमीटरांनीं कमी झाली. गुळगुळीत रस्त्यावर ह्यानें वळण नेटकें होतें. खड्ड्यांत मात्र कडीच वांकते. उलट लो-रायडर मंडळींनीं तेरा-चौदा इंची, तारांच्या आऱ्यांचीं, चांदीसारखीं चकाकणारीं बारीक चाकें पसंत केलीं. टायराचा व्यास जितका कमी, त्याच्या निम्म्यानें गाडी आपोआप खालीं येते, हा त्यांतला आडाखा.

याखेरीज दोन पथ्यें. टायर किती भार सोशील, हें सांगणारा आंकडाहि त्यावर असतो; उदाहरणार्थ १०० हा आंकडा म्हणजे ८०० किलोग्रॅम. ट्रकासाठीं हौसेनें मोटारीचें नाजूक टायर घेणारा तो वाचावयास विसरतो. आणि चाकाची बैठक गाडीच्या तुंब्याशीं जुळली पाहिजे. शेव्हरोलेच्या त्याच हलक्या 'सी-१०' ला १९७० पर्यंत सहा खिळ्यांचीं चाकें होतीं, १९७१ पासून पांच खिळ्यांचीं झालीं. एका वर्षाचें चाक दुसऱ्या वर्षाच्या गाडीला लागत नाहीं. शिवाय चाक फार बाहेर बसलें, तर बेअरिंगांवर ताण येतो, आणि फार आंत बसलें, तर तें सांध्यांना घासतें.

एवढें सगळें करून हातीं काय लागतें आणि हातचें काय जातें, याचा चोख हिशेब एका कारखान्यानेंच मांडून दाखविला. १९९१ सालीं जी.एम.सी. कंपनीनें 'सायक्लोन' नांवाची बुटकी आणि अतिशय वेगवान पिक-अप विकावयास काढली. तिच्या पेटींत किती ओझें घालावें? अवघें ५०० पौंड! म्हणजे तीन धडधाकट माणसेंहि मागें बसूं नयेत. जमिनीजवळ येणें म्हणजे कमानीची धांव कमी होणें, आणि धांव कमी होणें म्हणजे ओझें कमी होणें, ह्या गणितांतून कोणाची सुटका नाहीं.

आपल्या देशांत कोणास ह्या हौसेचा मोह झालाच, तर त्यानें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आधीं वाचावें. नोंदणीच्या दाखल्यांतल्या, कारखान्यानें मूळ दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल वाहनांत करतां येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत पुन्हां स्पष्ट केलें आहे.

कॅलिफोर्नियांत मात्र काळ फिरला. ज्या गाड्या पोलिसांच्या कचाट्यांत सांपडत, त्यांतलीच न्यू मेक्सिकोच्या चिमायो गांवची एक १९६९ सालची फोर्ड वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयांत जाऊन बसली. २०२३ सालीं कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें तें जुनें कलम रद्द केलें, आणि १ जानेवारी २०२४ पासून ठेंगणी गाडी तेथें केवळ ठेंगणी म्हणून गुन्हेगार राहिली नाहीं. पासष्ट वर्षांहून अधिक काळ चाललेला हा वाद अशा रीतीनें मिटला.

मिटला तो कायद्याच्या पुस्तकांत. यंत्रशास्त्राच्या पुस्तकांतली कडीची रेषा कोणत्याहि विधिमंडळाला रद्द करतां येत नाहीं, आणि आतां तिला जपण्याची जबाबदारी शिपायाकडून निघून मालकाकडे आली आहे. जो अपमानाच्या काळांत पंप लावून गाडी उचलीत होता, त्यानें आतां स्वतःच्या शहाणपणानें ती उचलावयाची आहे. प्रारंभीं आपण ह्या हौसेस वेडेपणा म्हटलें. पण ज्याला चारचौघांत मान वर करून चालूं दिलें जात नव्हतें, त्यानें आपली गाडी जमिनीपर्यंत लववून त्या गाडीबरोबर स्वतःला ताठ उभें केलें, असें पाहिलें, म्हणजे त्या वेडाचा अर्थ लागतो. ओझें वाहणारें वाहनहि कधीं कधीं माणसाचा मान वाहतें. आणि तें ओझें पौंडांत मोजतां येत नाहीं.